तळ्यावर जाते

१

"मी वेळेवर नाय आले तर गाडी थांबवू नका. माणूस पाठवा."

काशीआजींनी मला हे एकोणीस मार्चच्या संध्याकाळी सांगितलं आणि मी "हो हो, आजी" म्हणून मोकळी झाले. कडेवर दोन वर्षांची मैत्री रडत होती, हाताला खळ लागली होती आणि विहाराच्या भिंतीवर अजून सात नावं चिकटवायची होती.

काशीबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, अश्विनच्या चुलत आजी. वय ब्याऐंशी, ऐकू कमी, एक गुडघा सुजलेला. आम्ही राहतो महाडला, अश्विन तिथे कोर्टात कारकून आहे. पण घर कापडे गावाच्या बाजूला, पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाडीत. मी इतिहास घेऊन बी.ए. केलेलं, म्हणून वाडीतले निवृत्त शिक्षक काशीराम गुरुजी यांनी एक काम माझ्या गळ्यात घातलं होतं. सत्तावीस साली चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला वाडीतून कोण कोण चालत गेलं, त्यांची नावं आणि घरोघरच्या आठवणी लिहून काढायच्या. पुढच्या वर्षी शंभर वर्षं पूर्ण होतात, तेव्हा पुस्तिका छापायची. यंदा नुसती नावं भिंतीवर.

"तुमच्यासाठी थांबवूच की गाडी," मी वर आणि म्हटलं.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. "थांबवून काय करशील गो?" असं म्हणाल्या आणि काठी टेकत निघून गेल्या. म्हातारं माणूस, काहीतरी बोलतं, असं मला वाटलं. मी पुढचं नाव उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोन गाड्या निघाल्या. पुरुषांचा टेम्पो, त्यात झेंडे, बॅनर आणि ड्रायव्हरशेजारची जागा आजींसाठी राखलेली. बायकांसाठी सखाची जीप. सखा हा वरच्या वाडीचा, डोंगरावर गुरं राखणाऱ्या घरांपैकी, पण गाडी घेतल्यापासून खाली रस्त्यालाच राहतो. मी मैत्रीला घेऊन पुढे बसले. काचेमागे कागदी पुडी पडली होती, तिच्यावर मैत्रीने झडप घातली.

"ती नको गो बाय," सखा हसत म्हणाला. "माझ्या चुलतीच्या गोळ्या हायत." पुडीवरची धूळ पँटला पुसून त्याने ती वरच्या खणात टाकली.

मी मुलीचे हात पुसत होते. धूळ म्हटली की मला पहिले तिचे हात दिसतात. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "काशीआजी कुठं हाय?"

"टेम्पोत पुढे बसल्या असतील."

हे उत्तर मी दिलं. न बघता दिलं.

महाडला दरवर्षीसारखाच जनसागर होता. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, चारी बाजूंनी गाणी. वंदना झाली, दर्शन झालं. दुपारी दोनच्या सुमाराला जेवणाच्या मांडवापाशी आमची माणसं एकत्र जमली, तेव्हा टेम्पोतल्या एकाने विचारलं, "आजीला कुठं बसवलंत? तुमच्या जीपमधनंच आली ना?"

बायका टेम्पोवाल्यांकडे बघत होत्या आणि टेम्पोवाले बायकांकडे.

२

"घाबरू नका," काशीराम गुरुजी म्हणाले. "मी बघितलंय तिला. अकराच्या सुमाराला, तळ्याच्या पायऱ्यांवर."

"नक्की, गुरुजी?"

"अगं, पाठीमागून का होईना, पण साडी ओळखतो ना मी. पांढरी, हिरव्या काठाची. आपल्या वाडीत सगळ्यांचे काठ निळे, तिचे एकटीचे हिरवे. दहा वर्षं तीच साडी आहे वीस मार्चला. 'काशीवहिनी' म्हणून हाकसुद्धा मारली. वळली नाही. तिला ऐकू कुठे येतं?"

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. म्हणजे आजी महाडात पोचल्या आहेत, गर्दीत चुकल्या आहेत. अश्विन माइकवर सांगायला धावला आणि पाच मिनिटांत भोंग्यातून नाव आलं, "पोलादपूर तालुका, मौजे कापडे, काशीबाई, वय वर्षं ब्याऐंशी, जिथे असतील तिथून मांडवाजवळ यावं." तरुण पोरं एस.टी. स्टँडकडे, बाजाराकडे, नदीच्या बाजूला पांगली.

मी मात्र जागची हलले नाही. माझा स्वभाव शंकेखोर आहे. मुलगी झोपली तरी श्वास चालू आहे ना बघते. अश्विन त्यावरून मला चिडवतो. पण या स्वभावामुळे मला एक गोष्ट दिसत होती, जी इतरांना दिसत नव्हती. आजींची सून, शर्मिलाकाकी, मांडवाच्या कडेला उभी होती. अंग भाजून काढणारं ऊन होतं, बाकीच्या बायकांनी पदर खोचले होते, आणि काकीने पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च लपेटून घेतला होता. हिवाळ्यात शाल घ्यावी तसा.

बायकांची कुजबुज चालूच होती.

"सासू हरवली आन् सुनेच्या डोळ्याला पाणी नाय."

"काल वाद झालेला ना गो दोघींचा? माझ्या ओटीपर्यंत आवाज."

"ऐकू कमी येतं म्हातारीला, मग मोठ्यानंच बोलावं लागतं," काकी तिथूनच फटकन म्हणाली. "गुडघा सुजलाय, यंदा नका जाऊ, एवढंच बोलले मी. तर ऐकतील तर ना!"

मी जवळ गेले. "काकी, सकाळी आजी काय म्हणाल्या?"

"तळ्यावर जाते, बोलल्या. तू ये मागनं. तेव्हा मी अर्धी झोपेत. मला वाटलं टेम्पोवाली माणसं तयारीला लवकर निघालीत, त्यांच्याबरोबर गेल्या."

"किती वाजता?"

"पाच असतील."

पण टेम्पो आठलाच निघाला होता, आमच्याबरोबर. हे तिला माहीत होतं. ती आमच्याच जीपमध्ये होती. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. ती नजर चुकवून मागे सरकली, आणि माझ्या कडेवरच्या मैत्रीने, जी हाताला लागेल ते ओढते, तिचा आत दुमडलेला पदर धरून खाली खेचला.

काठ हिरवे होते.

३

मी तिला पुस्तकांच्या स्टॉलमागे नेलं. मैत्रीच्या हातात एक बिस्किट दिलं.

"काकी, ही आजींची साडी."

तिने पदर परत वर ओढला. "माझ्या साडीवर सकाळी चहा सांडला. निघायची घाई. सासूबायंची साडी पेटीवर घडी घातलेली होती. त्या तर पहाटेच गेलेल्या. मुंबईवरनं मुलानं शिमग्याला नवी पाठवलीय, मला वाटलं तीच नेसून गेल्या. म्हणून ही मी नेसले."

"गुरुजींनी पायऱ्यांवर बघितलं ते..."

"मीच ती. हाकपण ऐकली मी. मला वाटलं सासूबाय माझ्या मागं असतील, त्यांना हाक मारतायत. बघितलं तर कोण नाय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू?" ती एकदम रडायलाच लागली. "सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. सासूची साडी नेसली आन् सासूला टाकून आली म्हटलं असतं. गुरुजी बोलले बघितली, तर मला वाटलं, मला सोडून अजून कुठं दिसली असेल खरंच. प्रिया, मी मुद्दाम नाय गो केलं."

माझा तिच्यावर विश्वास बसला. खोटं बोलणारी बाई चोरलेली गोष्ट अंगावर घालून हजारोंच्या गर्दीत उभी राहत नाही. पण तिच्या त्या लाजेने आमचा अर्धा तास खाल्ला होता. आजींना महाडात बघणारा एकमेव साक्षीदार आता साक्षीदार राहिला नव्हता. भोंग्यावर अजून त्यांचं नाव घुमत होतं, आणि त्या महाडात आल्या होत्या याचा एकही पुरावा आमच्याकडे नव्हता.

वाडीत मागे कोण राहिलं असेल? पूनम. तिला बाळंत होऊन तीन आठवडे झालेले, ती घराबाहेर पडत नव्हती. आणि तान्ह्या बाळाची आई पाच वाजता जागी असते, हे मला कोणी सांगायला नको.

फोन तिसऱ्यांदा लागला.

"काशीआजी? हो, बघितली ना. बाळाला घेऊन दारात उभी होते. 'कुठं चाललीस आजी?' बोलले, तर 'तळ्यावर जाते' बोलली."

"एकटी होती?"

"एकटीच. काठी होती हातात. आन् भाकरी."

"भाकरी?"

"पदरात बांधलेल्या. चार असतील, चांगलं गाठोडं होतं. मी बोलले पण, म्हाडाला जेवण असतं गो, भाकऱ्या कशाला? तर हसली नुसती."

"पूनम, साडी कुठली होती? नवी पांढरी?"

"छे! रोजचं लुगडं. काष्टा घातलेला, पार गुडघ्यापर्यंत वर खोचलेला. भात लावायला निघाल्यासारखी."

मी फोन ठेवला. वीस मार्चला आमच्या वाडीतली कोणतीही बाई पांढऱ्या साडीशिवाय महाडला पाऊल ठेवत नाही. आजींनी तर पेटीवर घडी घालून ठेवली होती, म्हणजे परत येऊन नेसायची होती. काष्टा चिखलात उतरायला घालतात किंवा चढ चढायला. मार्चात चिखल कुठला? आणि चार भाकरी एका म्हाताऱ्या बाईच्या पोटाच्या नव्हत्या. त्या दोघांच्या होत्या.

त्या महाडला निघाल्याच नव्हत्या. मग 'तळ्यावर' म्हणजे कुठे?

४

"गुरुजी, तुमचं आणि आजींचं काय बिनसलं होतं?"

गुरुजी चमकले. सत्तर वर्षांचा, शिस्तीचा माणूस. पांढराशुभ्र सदरा घामाने पाठीला चिकटला होता. आजी महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हत्या, हे सगळी वाडी जाणून होती.

"त्याचा इथे काय संबंध?"

"माहीत नाही. म्हणून विचारते."

"यादीवरून," ते नाइलाजाने म्हणाले. "भिंतीवरच्या यादीत अजून एक नाव घाला म्हणत होती. कुणाचं विचारलं, तर नाव सांगेना! म्हणे 'वरच्या घराचं'. आता तूच सांग, ज्याला नाव नाही त्याचं नाव कसं लिहायचं? आणि वर आपलं घर कुठे आहे? आपली यादी सत्याग्रहाला गेलेल्यांची आहे. मी म्हटलं, वहिनी, इतिहासाला पुरावा लागतो."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाली, पुरावा दरसाल मीच असते."

मला एकदम माझ्या फोनमधली ध्वनिफीत आठवली. जानेवारीत मी आजींच्या ओटीवर बसून त्यांच्या सासऱ्यांची आठवण रेकॉर्ड केली होती. घरी येऊन वहीत उतरवली होती, एका वाक्यात. 'सासरे चवदार तळ्याचे पाणी पिऊन डोंगरवाटेने घरी परतले.' तेच वाक्य ठळक अक्षरात भिंतीवर लावलं होतं.

एका कानात बोट घालून फोन दुसऱ्या कानाशी धरला. मैत्री माझ्या पायाला मिठी मारून बसली होती.

"म्हाडाला मारामारी झाली," आजींचा आवाज आला, "तवा सासरा आन् आनखी दोघं रस्ता सोडून डोंगरानं निघाले. एकाचं डोकं फुटलेलं. उन्हाचे दिवस, घसे सुकलेले. तळ्यावर पानी प्याले. आता ह्ये तळं म्हंजे..."

इथे मैत्रीचं रडणं होतं, तारस्वरात. जानेवारीत मी त्या जागी कंटाळून पुढे सरकवलं होतं. या वेळी सरकवलं नाही. रडण्याच्या आडून दोन शब्द आले. "...वरचं. गुरांचं."

मग पुढे पुन्हा स्पष्ट आवाज. "त्या घरातल्या बाईनं पाजलं. आन् बोलली, नाव घेऊ नका कुठं. माझी मानसं मला वाळीत टाकतील. म्हनून नाव नाय घेत आमी. पन त्या दिवशी भाकर घेऊन जातो. ती पानी देते, बसून खातो, येतो. आदी माझी सासू जायची. आता मी."

मी ते मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

आमच्यात 'तळं' म्हटलं की एकच. त्याला गाव लागत नाही, नाव लागत नाही. शाळेपासून तेच शिकले, तेच मी डोळे झाकून लिहिलं. मारामारीनंतर रस्ता सोडून डोंगराला लागलेली माणसं भर गावातल्या तळ्याचं पाणी पुन्हा कशी पितील, हा साधा प्रश्न इतिहासाच्या पदवीधर बाईला पडला नाही. आणि आजी चवदार तळ्याला कधीच 'तळ्यावर' म्हणत नसत. त्या म्हणत 'म्हाडाला जाते'. सुनेने, पूनमने, आम्ही सगळ्यांनी त्यांचा शब्द आमच्या अर्थाने ऐकला. मी तर भिंतीवर चिकटवलासुद्धा.

म्हणून त्या म्हणाल्या होत्या, माणूस पाठवा. यंदा गुडघा साथ देणार नाही हे त्यांना कळत होतं. कुठे पाठवा हे त्यांनी सांगितलं नाही, कारण माझ्याजवळ ते जानेवारीतच सांगून झालं होतं. मी लिहून घेतलंय, असं त्यांना वाटत होतं.

तीन वाजत आले होते. आजींना घर सोडून दहा तास झाले होते.

५

सखा जीपच्या सावलीत बसून कलिंगड खात होता.

"सखा, तुमच्या वरच्या वाडीत तळं आहे?"

"हाय की, वहिनी. गुरांचं. आता गुरं कुठं राह्यलीत? बारा घरं, अकराला कुलूप. शिमग्याला उघडतात, पालखी नाचवतात, परत मुंबय."

"आणि बारावं घर?"

"आमची चुलती. बयाबाई. पोरगा अनिल न्यायला बघतो मुंबयला, पन ती हलत नाय. दोन शेळ्या हायत, त्यांचं निमित्त."

"काशीआजी तिच्याकडे जातात?"

त्याने बी थुंकली. "त्या दोघींचं कायतरी हाय. लहानपणी बघितलेलं मी. तळ्याच्या काठाला बसून जेवायच्या. चुलती बोलली, बघितलंस ते इसर. मी इसरलो."

"बयाबाईंना तू शेवटचं कधी भेटलास?"

"परवाच जाऊन आलो ना. बरी हाय."

परवा. मला सकाळची पुडी दिसली. काचेमागे पडून पडून उन्हाने पिवळी झालेली, पुसावी लागेल एवढी धूळ बसलेली.

"मग तिच्या गोळ्या तुझ्या गाडीत कशा?"

सखाच्या हातातली फोड खाली गेली.

"शिमग्याला अनिलनं दिलेल्या," तो म्हणाला. "जुन्या संपायच्या आत नेऊन दे बोलला. बीपीच्या हायत. दर दोन दिसांनी वर जाऊन ये बोलला. पन भाडी लागली, वहिनी. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत..."

"किती दिवस झाले?"

"शिमग्यापासून नाय गेलो."

"आणि अनिलला काय सांगतोस?"

"फोन करतो रोज. बरी हाय, सांगतो." तो माझ्याकडे बघत नव्हता. "वर रेंज नाय. त्याला दुसरं कोण सांगणार?"

सतरा दिवस. आतापर्यंत मी एका म्हाताऱ्या बाईचा विचार करत होते, जी दर वर्षी कोणाला न सांगता तासाभरात चढते, भाकर खाते, आठच्या आत परत येते, आणि यंदा आली नाही. आता कळलं की त्या डोंगरावर दोन बाया आहेत, आणि दुसरीकडे सतरा दिवसांत कोणी गेलेलं नाही.

मी अश्विनला शोधून मैत्री त्याच्या हातात दिली. त्या गर्दीत तिला सोडून जायचं होतं. पेनाने तिच्या दंडावर आमचे दोन्ही फोन नंबर लिहिले. "अगं, मी आहे ना, बाप आहे तिचा," अश्विन म्हणाला. मी तरी तिसऱ्यांदा आकडे तपासले.

जीपमध्ये सखा, शर्मिलाकाकी आणि मी. चाक हललं तसे गुरुजी चपला हातात घेऊन धावत आले आणि मागे चढले.

"मी चढणार नाही, मला जमणार नाही," ते धापा टाकत म्हणाले. "पण रस्त्याला ॲम्ब्युलन्स बोलावून ठेवतो. तेवढं तरी करू दे."

हायवेवर गाड्यांची रांग होती. पोलादपूर यायला एक तास लागला. काकी सगळा वेळ हिरव्या काठाचा पदर बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

६

चढ सरळ अंगावर येणारा होता. अर्ध्या वाटेवर मातीत काठीच्या टोकाची भोकं दिसली. सगळी वर जाणारी. खाली येणारं एकही नव्हतं.

वरच्या वाडीत कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. अंगणांत शिमग्याच्या माळा वाळून लोंबत होत्या, दारांना कुलपं. एका दाराला नव्हतं. ते नुसतं लोटलेलं होतं. आत दोन शेळ्या बांधलेल्या, पायांनी जमीन उकरलेली, समोर पानाचा तुकडा नाही. सखा "चुलते!" म्हणून ओरडला. उत्तर तळ्याच्या बाजूने आलं.

"हिकडं! हळू या. घसरतं हितं."

तळं म्हणजे काय, कातळातला एक खोलगट खड्डा, तळाशी हिरवट पाणी. उंबराच्या मुळाला टेकून काशीआजी बसल्या होत्या. मांडीवर बयाबाईंचं डोकं. एक हंडा उलटून कडेला पडला होता. आजींनी स्वतःचा पदर फाडून त्याची पट्टी ओली करून बयाबाईंच्या कपाळावर ठेवली होती, आणि उन्हाच्या बाजूला पाठ करून तशाच बसून राहिल्या होत्या. ऊन सरकेल तशा त्या सरकत गेल्या असाव्यात. मातीत त्यांच्या बसण्याची अर्धवर्तुळाकार खूण उमटली होती.

"सासूबाय!" काकी तिथेच मटकन बसली.

"मला काय धाड भरलीय?" आजी म्हणाल्या. "हिला बघा आदी. काल सांजच्याला पाण्याला आली आन् चक्कर येऊन पडली. मांडीचं हाड मोडलंय. रातभर हितंच. सकाळी मी आले तवा बोलत होती."

"आजी, तुम्ही खाली का नाही आलात?"

"ह्या गुडघ्यानं उतरायला दुपार झाली असती. हिला कुनाच्या भरवशावर सोडू? शेळ्यांचं ओरडणं ऐकत बसलो दोघी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नऊपर्यंत कोनतरी येईल, वाटलेलं मला."

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं.

सखाने दारामागचा बांबू आणला, घोंगडी बांधून झोळी केली. पुढचं टोक त्याने धरलं, मागचं आम्ही दोघींनी. आजी काठीवर मागून. बयाबाईंनी वाटेत एकदा डोळे उघडले. सखाला ओळखलं.

"आलास काय रे? बरी हाय सांग अनिलला," त्या पुटपुटल्या. त्या खरंच तसं म्हणाल्या की आम्हाला तसं ऐकू आलं, कोण जाणे. सखाचे खांदे हलत होते, पण त्याने पाऊल चुकू दिलं नाही.

रस्त्याला ॲम्ब्युलन्स उभी होती. गुरुजींनी पुढे होऊन झोळीला हात लावला आणि खाली वाकून विचारलं, "बाई, सत्तावीस साली आमच्या माणसांना पाणी कुणी पाजलं? नाव सांगाल का? की नको लिहायला?"

मला त्यांचा राग आला. ही वेळ आहे का? पण बयाबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आजेसासू माझी. येसूबाई," त्या म्हणाल्या. "लिवा आता खुशाल. वाळीत टाकायला मानसं लागतात गुरुजी. वर कोन उरलंय?"

बयाबाई तिसऱ्या दिवशी गेल्या. डॉक्टरांनी अश्विनला एवढंच सांगितलं की काही तास आधी आणलं असतं, तर. 'तर'च्या पुढे ते बोलले नाहीत. अनिलला काय घडलं ते सखाने स्वतः, सगळ्यांसमोर सांगितलं. अनिलने त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. "मीपण रोज तेवढंच विचारायचो," एवढं म्हणाला. सखा शेळ्या स्वतःच्या घरी घेऊन गेला आहे.

विहाराच्या भिंतीवरचं माझं ठळक वाक्य मी नखांनी खरवडून काढलं. तिथे आता गुरुजींच्या अक्षरात येसूबाईंचं नाव आहे, आणि पुस्तिकेत पहिलं प्रकरण त्यांचंच असेल.

पण हे सगळं लिहिलं ते पुस्तिकेसाठी नाही. त्या दिवशी आम्ही भोंग्यावरून एक नाव पुकारत होतो, शंभर माणसं एका बाईला शोधत होती. काशीआजी हरवल्या आहेत, हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. बयाबाई हरवल्या आहेत, हे कोणालाच कळलं नव्हतं. ज्याचं त्याला वाटत होतं, त्या बऱ्या आहेत. काशीआजी थेट महाडला निघाल्या असत्या, तर आजही तसंच वाटत असतं.

तुमच्या ओळखीत अशी एक बाई असेल. डोंगरावरच्या घरात असेल, किंवा तुमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर. तिच्याबद्दल विचारलं की कोणीतरी लगेच "बरी आहे" म्हणतं. त्या माणसाला विचारू नका. स्वतः जा. दार उघडेपर्यंत थांबा, आत जा, तिच्या हंड्यात पाणी आहे का तेवढं बघून या.